डिस्कशिवाय संगणक : एका सर्व्हरवर चालणारी खोली

आज थोडं वायर आणि स्क्रू-ड्रायव्हरचं काम आहे. ज्यांनी हा भाग व्हिडिओत पाहिला त्यांनी पडद्यावर आज्ञा टाइप होताना पाहिल्या असतील. पुस्तकात मी त्यामागचं कारण जास्त सांगणार आहे. कारण समजलं की आज्ञा कुठूनही मिळतात.

गेल्या काही महिन्यांत मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: जुने संगणक पडून आहेत, त्यांचं करायचं काय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट यंत्रंही कार्यालयांतून बाहेर पडायला लागली. ती देताना कार्यालयं एक शहाणपण करतात: आतली हार्ड डिस्क काढून घेतात, म्हणजे आपली माहिती बाहेर जात नाही. मग आपल्या हातात पडतो तो डिस्क नसलेला डबा. पंखा फिरतो, पडदा उजळतो आणि सुरू करायला काही सापडलं नाही असं सांगून तो गप्प बसतो.

सरोजिनी नगर म्हटलं की बाहेरच्यांना कपड्यांचा बाजार आठवतो. आम्हा इथल्यांना आठवतात सरकारी क्वार्टर्स आणि बदल्या. नागपूर, पुणे, सोलापूरकडून बदलीवर आलेल्या मराठी घरांतली मुलं दर रविवारी एका खोलीत मराठी वाचायला जमतात. त्या खोलीला असेच नऊ डबे मिळाले. प्रत्येकात ४ जीबी मेमरी, एकातही डिस्क नाही.

सरळ उपाय होता नऊ एसएसडी विकत घेण्याचा. खर्च झेपला असता. अडचण पुढची होती. नऊ डिस्क म्हणजे नऊ वेळा इन्स्टॉल, नऊ वेळा अपडेट, नऊ ठिकाणी फाँट आणि कुणीतरी काहीतरी बिघडवलं की नऊ ठिकाणी शोध. हे सगळं करणार कोण? मी एकटा, तेही रविवारचे दोन तास. म्हणून आम्ही ते नऊ डबे तसेच, डिस्कशिवाय चालवले. आजच्या भागात एवढंच लक्षात ठेवा: डिस्क न बसवण्यात पैसे वाचतात, पण तो मुख्य फायदा नाही. मुख्य फायदा हा, की दुरुस्तीची जागा एकच होते. आणि तोटाही तिथेच आहे: बिघडण्याची जागाही एकच होते.

यंत्र तीन प्रश्न विचारतं

बदली होऊन दिल्लीत नव्यानं उतरलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. हातात फक्त स्वतःचं नाव. तो तीन गोष्टी विचारतो: राहू कुठे? सामान कुठून उचलू? आणि माझं घर कोणतं? डिस्क नसलेला संगणक हेच तीन प्रश्न, याच क्रमानं विचारतो.

पहिला प्रश्न पत्त्याचा. नेटवर्क कार्डात कारखान्यातूनच एक क्रमांक लिहिलेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात, तो ४८ बिटांचा असतो. यंत्राला स्वतःबद्दल तेवढंच ठाऊक असतं. सर्व्हर कुठे आहे हे माहीत नसल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतं, "मी अमुक क्रमांकाचा, मला कुणी पत्ता देईल का?" ही हाक डीएचसीपी या नियमानं जाते. उत्तरात आयपी पत्ता येतो आणि आणखी दोन गोष्टी: कोणत्या सर्व्हरकडे जायचं आणि कोणती फाइल मागायची.

दुसरा प्रश्न सामानाचा. ती फाइल टीएफटीपी नावाच्या अगदी साध्या पद्धतीनं येते. तिच्यात पासवर्ड नाही, फोल्डरची यादी नाही. फाइलचं नाव सांगा आणि घेऊन जा. पद्धत मुद्दाम इतकी लहान ठेवलेली आहे, कारण ती कार्डावरच्या छोट्याशा चिपमध्ये मावायला हवी. पण साधेपणाची किंमत असते. जुन्या रीतीनं ती ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवते, पोच येईपर्यंत थांबते, मग पुढचा पाठवते. ६० एमबीची फाइल म्हणजे जवळपास १ लाख १७ हजार तुकडे. प्रत्येकाला एक मिलिसेकंद धरला तरी दोन मिनिटं गेली. म्हणून हल्ली आधी आयपीएक्सई नावाचा एक छोटा, हुशार लोडर मागवतात. तो पुढचं सामान मोठ्या तुकड्यांत किंवा वेबपानासारखं एचटीटीपीनं आणतो.

या सामानात दोन गोष्टी असतात: लिनक्सचं कर्नल, म्हणजे गाभा आणि सुरुवातीपुरती लागणारी छोटी शिदोरी, जिला इनिटआरडी म्हणतात.

तिसरा प्रश्न घराचा. कर्नल जागं झालं की ते विचारतं, माझी मुळातली फाइल-व्यवस्था कुठे आहे? एरवी उत्तर असतं, आतल्या डिस्कवर. आपल्याकडे उत्तर आहे, सर्व्हरवर. सर्व्हर एनएफएस या पद्धतीनं एक मोठी, आवळून बांधलेली फाइल दाखवतो, तिला आपण प्रतिमा म्हणू. यंत्र ती पूर्ण उतरवून घेत नाही, लागेल ते पान उघडून वाचतं. ग्रंथालयात बसून पुस्तक वाचावं, तसं.

कल्पना जुनीच आहे

हे काही आजचं नाही. डिस्क महाग होत्या तेव्हा, १९८५ च्या सुमारास, सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीची डिस्क नसलेली यंत्रं कार्यालयांत चालत होती. एनएफएस ही त्याच कंपनीची १९८४ ची निर्मिती. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी हा नियम लिहिला, ज्यात पत्त्याबरोबर फाइलचं नावही मिळायची सोय होती. १९९३ मध्ये त्यातून डीएचसीपी आला. १९९९ मध्ये इंटेलच्या पीएक्सई २.१ या तपशिलानं हे सगळं साध्या पीसीच्या नेटवर्क कार्डात आणलं. म्हणून तुमच्या दहा-बारा वर्षं जुन्या डब्यातही ही सोय बहुधा आहे. आपण ती कधी चालू केलेली नसते, एवढंच.

त्याच १९९९ मध्ये अमेरिकेत जिम मॅकक्विलन यांनी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी सुरू केला. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टनं परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांना दिले आणि त्यांच्यावर लिनक्स, त्यातही एलटीएसपीची ही रीत वापरून पाहिली. तेव्हा क्लायंट यंत्र इतकं अशक्त असे की सगळं काम सर्व्हर करायचा आणि क्लायंट फक्त चित्र दाखवायचा.

इथे एक फरक नीट समजून घ्या. ती 'पातळ' क्लायंटची रीत होती. तिच्यात सर्व्हर दांडगा लागतो. आज आपल्या डब्यांमध्ये २ ते ४ जीबी मेमरी असते, म्हणून आपण 'जाड' क्लायंटची रीत घेतो. प्रोग्रॅम सर्व्हरवरून वाचला जातो, पण चालतो क्लायंटच्याच प्रोसेसरवर. त्यामुळे सर्व्हर म्हणून साधा डेस्कटॉपही चालतो. २०१९ मध्ये ग्रीसमधल्या अल्किस जॉर्जोपुलोस यांनी एलटीएसपी नव्यानं लिहिला. आपण तोच वापरणार आहोत.

वायर आणि स्विच आधी

लोक सॉफ्टवेअरपासून सुरुवात करतात. तुम्ही वायरपासून करा.

समजा सुरू होताना प्रत्येक यंत्र सर्व्हरवरून ४०० एमबी वाचतं. नऊ यंत्रांचे झाले ३.६ जीबी. १०० एमबीपीएसचा स्विच सेकंदाला जेमतेम १२ एमबी देतो, म्हणजे पाच मिनिटं. गिगाबिट स्विच साधारण ११५ एमबी देतो, म्हणजे अर्धं मिनिट. मुलं पाच मिनिटं गप्प बसत नाहीत, हा माझा अनुभव तुमच्यापेक्षा वेगळा नसेल.

गिगाबिटला लॅनच्या वायरीतल्या आठही तारा लागतात. १०० एमबीपीएसला चार पुरतात. म्हणून एखादी तार नीट दाबली गेली नसेल तर यंत्र बंद पडत नाही, निमूटपणे दहापट हळू होतं. सर्व्हरवर 'ईथटूल' चालवून वेग १००० दाखवतोय ना ते पाहा.

स्विच आम्ही नेहरू प्लेसहून आणला. पिंक लाइननं लाजपत नगर, तिथून व्हायलेट लाइन. तिथे कार्यालयांतून निघालेले जुने, सेटिंग करता येणारे स्विचही मिळतात. ते घेतलेत तर एक काळजी घ्या. त्यांत स्पॅनिंग ट्री नावाची सोय असते. वायरींचं वर्तुळ झालं आहे का, हे तपासण्यासाठी ती नवं पोर्ट सुरुवातीचे सुमारे ३० सेकंद अडवून ठेवते. तेवढ्यात आपलं यंत्र हाका मारून थकतं आणि 'कुणी उत्तर दिलं नाही' म्हणतं. त्या पोर्टांवर 'पोर्टफास्ट' चालू करा किंवा सरळ साधा गिगाबिट स्विच घ्या. वाय-फायवरून हे काम होत नाही, त्या वाटेला जाऊच नका.

मांडणी

सर्व्हरवर डेबियन टाका आणि रोजचं डेस्कटॉप बसवा. ब्राउझर, लिबरऑफिस, जे मुलांना लागतं ते सगळं. मग एलटीएसपी, डीएनएसमास्क, एनएफएसचा सर्व्हर, एसएसएचचा सर्व्हर आणि स्क्वॉशएफएसची साधनं ही पॅकेजेस घ्या. त्यानंतर पाच आज्ञा आहेत. प्रत्येक 'एलटीएसपी' या शब्दानं सुरू होते आणि दुसरा शब्द काम सांगतो.

'डीएनएसमास्क' ही आज्ञा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची व्यवस्था करते. 'इमेज' ही सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कचीच प्रतिमा बनवते, हिला वेळ लागतो, चहा घेऊन या. 'आयपीएक्सई' सुरुवातीची यादी तयार करते. 'एनएफएस' घराचं दार उघडते, फक्त वाचण्यापुरतं. 'इनिटआरडी' शिदोरी बांधते, ज्यात तुमची सेटिंग आणि वापरकर्त्यांची नावं असतात. नवा मुलगा आला, नवं खातं उघडलं, की शेवटची आज्ञा पुन्हा द्यायची. नवं सॉफ्टवेअर टाकलं, तर 'इमेज' पुन्हा.

इथे एक प्रश्न हमखास येतो. घरात इंटरनेट कंपनीचा राउटर आहे, तो आधीच पत्ते वाटतोय. मग आपला सर्व्हर आला की भांडण नाही का होणार? होईल, जर दोघंही पत्ते वाटू लागले तर. म्हणून एलटीएसपी मुळातच डीएनएसमास्कला 'प्रॉक्सी' पद्धतीनं बसवतो. पत्ता राउटरच देतो, आपला सर्व्हर बाजूनं एवढंच सांगतो की सामान माझ्याकडे आहे. राउटरला हातही लावायचा नाही.

आता क्लायंटकडे. बायोसमध्ये जाऊन नेटवर्क बूट चालू करा आणि यादीत त्याला वर आणा. जुनी यंत्रं बायोसची, नवी यूईएफआयची. दोघांना वेगवेगळी पहिली फाइल लागते. यंत्र हाक मारतानाच आपला प्रकार सांगतं, त्यावरून सर्व्हर योग्य फाइल देतो. एखादं यूईएफआय यंत्र फाइल घेऊनही पुढे जात नसेल तर सिक्युअर बूट बंद करून पाहा. सही नसलेला लोडर ते चालवू देत नाही.

अडलं तर कुठे पाहायचं

तीन प्रश्नांची साखळी आठवा. यंत्र ज्या प्रश्नावर थांबलं, दोष तिथेच. जुन्या बायोसच्या यंत्रांवर पडद्यावर एक क्रमांकही येतो.

पीएक्सई-ई६१ म्हणजे वायरच नाही. सर्व्हरकडे पाहू नका, सॉकेट पाहा.

पीएक्सई-ई५१ म्हणजे हाकेला कुणीच उत्तर दिलं नाही. राउटर, स्विच, स्पॅनिंग ट्री तपासा.

पीएक्सई-ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, फाइलचं नाव मिळालं नाही. राउटर बोलला, आपला सर्व्हर बोलला नाही. डीएनएसमास्क चालू आहे का पाहा. फायरवॉलमध्ये यूडीपी ६७ आणि ४०११ ही दारं उघडी हवीत.

पीएक्सई-ई३२ म्हणजे नाव मिळालं, पण टीएफटीपीचं दार उघडलं नाही. बहुधा फायरवॉल, यूडीपी ६९.

पीएक्सई-टी०१ म्हणजे दार उघडलं, पण त्या नावाची फाइल तिथे नाही.

यूईएफआयवर क्रमांक वेगळे असतात. तिथे पीएक्सई-ई१६ आला तर कामाचं उत्तर मिळालं नाही, असं समजा. आणि कर्नल सुरू होऊन मग अडलं, तर पहिले दोन प्रश्न सुटले, दोष तिसऱ्यात आहे: एनएफएस, दार क्रमांक २०४९.

यंत्र काय विसरतं, काय ठेवतं

वर्गात पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "काका, काल मी त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर निबंध लिहिला होता, आज तिथे दुसरं कुणी बसलंय. माझा निबंध गेला का?" मी म्हटलं, "कुठेही बस, तुझ्या नावानं आत जा." निबंध तिथेच होता.

कारण प्रत्येकाची फाइल सर्व्हरवरच्या त्याच्या घर-फोल्डरमध्ये राहते. पण बाकी सगळं, म्हणजे यंत्राच्या व्यवस्थेत कुणी काही बदललं, पुसलं, बिघडवलं, ते फक्त त्या यंत्राच्या मेमरीत राहतं. मूळ प्रतिमेवर काच ठेवून काचेवर लिहावं तसं. यंत्र बंद केलं की काच पुसली.

याचा खरा उपयोग मोठ्यांना झाला. आमच्याकडे पालक प्रवेशाचे अर्ज भरायला येतात. आधारचा क्रमांक, गुणपत्रिकेचा स्कॅन, बँकेचा तपशील, हे सगळं सार्वजनिक यंत्रावर उघडतं. त्यांच्यासाठी एक पाहुणा-खातं ठेवा, ज्याचं घर-फोल्डर सर्व्हरवर नसून मेमरीतच असतं. अर्ज भरा, प्रिंट घ्या, यंत्र बंद करा. ज्यात डिस्कच नाही, त्या डब्यात पुढच्या माणसाला सापडणार काय? मात्र पुढचा माणूस बसण्याआधी यंत्र खरंच बंद झालं पाहिजे, हे भिंतीवर लिहून लावा.

मराठीसाठी एकदाच केलेलं काम

दिल्लीत मिळणाऱ्या यंत्रावर देवनागरी असते, पण ती हिंदीच्या सवयीची. मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिसतात. 'ळ' आणि 'ऱ्या' कसे उमटवायचे ते मुलांना सापडत नाही. मी सर्व्हरवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, मराठी वळण दाखवणारा देवनागरी फाँट आणि लिबरऑफिसचं मराठी रूप बसवलं, मजकुराची भाषा मराठी ठेवली आणि प्रतिमा पुन्हा बनवली. नऊही यंत्रांवर ते पुढच्या वेळी आपोआप आलं. नऊ डिस्क असत्या तर सहाव्या-सातव्या यंत्रानंतर माझा उत्साह संपला असता आणि खोलीतली दोन यंत्रं कायमची हिंदीत राहिली असती. 'दुरुस्तीची जागा एकच' म्हणजे काय, ते इथे दिसतं.

दुसरी बाजू

आता तोट्याकडे. अर्जाची शेवटची तारीख आहे, खोलीत नऊ माणसं बसली आहेत आणि सर्व्हर बंद पडला. नऊही पडदे एकदम गोठतील. म्हणून तीन गोष्टी हव्यातच. सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर हवेत; सर्व्हर चालू राहिला आणि स्विच गेला तर काही उपयोग नाही. घर-फोल्डरांची रोजची प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी. आणि चालू असलेली प्रतिमा नवी बनवण्याआधी जुनीची प्रत ठेवा. ती एकच फाइल आहे, नवी बिघडली तर जुनी परत लावायला काही मिनिटं लागतात. याशिवाय दोन लाइव्ह पेनड्राइव्ह कपाटात असू द्या. सर्व्हर गेला तरी त्या दिवशीचे अर्ज भरले जातील.

सुरक्षिततेचंही सांगतो. यंत्र हाक मारतं तेव्हा उत्तर देणारा खरा की खोटा हे ते तपासत नाही. जो आधी बोलेल, त्याचं ऐकतं. त्यामुळे या खोलीचा स्विच शेजारपाजारच्या वायरींना जोडू नका आणि मोकळं सॉकेट बाहेर ठेवू नका.

आणि हे कुणी करू नये? दोन-तीनच यंत्रं असतील तर एसएसडी बसवा आणि मोकळे व्हा. सगळे लॅपटॉप वाय-फायवर असतील तर नको. विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर रोज लागत असेल तरी नको. पण पाचाहून जास्त यंत्रं, एकच खोली, एकच सांभाळणारा माणूस आणि रोज बदलणारे वापरकर्ते असतील, तर शाळा असो, वाचनालय असो की मंडळाची खोली, ही रीत तुमच्यासाठीच आहे.

गृहपाठ सोपा आहे. नऊ नकोत, दोन यंत्रं घ्या: एक सर्व्हर, एक क्लायंट, मध्ये गिगाबिट स्विच. क्लायंटची डिस्क काढून बाजूला ठेवा आणि सुरू करा. पडद्यावर जे येईल ते वाचा आणि ठरवा, यंत्र तीनपैकी कोणत्या प्रश्नावर थांबलं? तेवढं सांगता आलं की उरलेलं काम वायर ओढण्याचं.

पुढच्या भागात शिक्षकाच्या यंत्रावरून सगळे पडदे एकत्र कसे पाहायचे आणि शेवटी सगळी यंत्रं एका क्लिकवर बंद कशी करायची, ते पाहू. तोपर्यंत, नमस्कार.